शिट्टीचं वजन

मुंबईतल्या परळ गावातल्या एका गल्लीत मिक्सर, शेगड्या आणि कुकर दुरुस्त करणारं दुकान आहे. दुकान म्हणजे एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा. डोक्यावरच्या तारेला कुकरच्या काळ्या रिंगा मापाप्रमाणे अडकवलेल्या. बिस्किटांच्या जुन्या डब्यांत एका बाजूला शिट्ट्या, दुसऱ्या बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह, तिसऱ्यात दांड्यांचे स्क्रू. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं घरी जाताना पिशवीतून झाकण काढून पुढे करतात. बूड घरीच असतं, बिघाड बहुतेक वेळा झाकणातच असतो.

मी तिथे उभा असताना पंचविशीतला एक मुलगा आला. त्याच्याकडे पाच लिटरच्या कुकरचं झाकण होतं आणि रिंग, व्हॉल्व्ह सगळं धड होतं.

"काका, याच्यापेक्षा जड शिट्टी मिळेल का?"

"कशाला रे?"

"चिकन तळायचंय. झाकण लावून, तेलात. प्रेशर थोडं वाढवलं की बाहेरच्यासारखं होतं म्हणतात."

कारागिराने शिट्टी हातात घेतली, उलटी केली, आतली सुई बोटाने पुसली आणि परत दिली. "कंपनीने दिलीय तीच लावायची. आणि तेलात झाकण लावायचं नाही. रिंग पाहिजे असेल तर देतो." मुलाने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हेच उत्तर मिळालं. का नाही, हे मात्र कारागिराने सांगितलं नाही. मागे चार गिऱ्हाइकं उभी होती.

संपादकांनी या अंकासाठी 'घरातली यंत्रं' हा विषय दिला, तेव्हा मला हा अर्धवट राहिलेला संवाद पूर्ण करावासा वाटला. मुलाचा प्रश्न खुळचट नव्हता. जगात दाबाखाली कोंबडी तळतात, त्यासाठी यंत्रं आहेत आणि त्यावर मोठा धंदा उभा आहे. मग घरच्या कुकरमध्ये का नाही? आणि वजन वाढवून नेमकं काय मिळतं? उत्तरं शोधायला परळच्या बाहेर फार जावं लागलं नाही. कोंडलेल्या वाफेशी या भागाचा संबंध दीडशे वर्षांचा आहे.

वजन आणि भोक

आपण शिट्टी म्हणतो ती वस्तू मुळात एक वजन आहे. झाकणाच्या मधोमध एक बारीक नळी, नळीच्या तोंडावर ते वजन बसलेलं. आत वाफ साठते, वजन उचलू पाहते. उचललं गेलं की फुस्स करून थोडी वाफ बाहेर जाते, वजन पुन्हा बसतं. आतला दाब किती राहील हे दोनच गोष्टी ठरवतात: वजन किती आणि भोक केवढं.

हिशेब सोपा आहे. भोकाचा व्यास साडेतीन मिलिमीटरच्या आसपास धरला, तर त्याचं क्षेत्रफळ होतं चौरस सेंटिमीटरचा साधारण दहावा भाग. त्यावर १०० ग्रॅमचं वजन ठेवलं की ते उचलायला चौरस सेंटिमीटरला एक किलो एवढा दाब लागतो. आपल्याकडचे घरगुती कुकर साधारण याच दाबावर चालतात. आता त्या शिट्टीवर ५० ग्रॅमचा नटबोल्ट तारेने बांधा. दिसायला काहीच फरक नाही, पण आतला दाब दीडपट झाला. भोक इतकं लहान आहे की बोटभर लोखंडही पुष्कळ होतं.

तो दाब फक्त शिट्टीवर पडत नाही, झाकणाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पडतो. २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे रोज सकाळी वरणभात शिजत असताना झाकण आतून तीनशे किलोंहून जास्त जोराने ढकललं जात असतं, आणि ते धरून ठेवतात झाकणाची कड, दांड्याची खाच आणि एक रबरी रिंग. काही कुकरांचं झाकण आत शिरून खालून कडेला टेकतं. त्यात दाब वाढला की झाकण आणखी घट्ट बसतं, आणि दाब उतरल्याशिवाय ते सुटत नाही. १९५९ साली मुंबईत एच. डी. वासुदेव यांनी सुरू केलेल्या हॉकिन्सचे कुकर या पद्धतीचे म्हणून ओळखले जातात. बाहेरून बसणाऱ्या झाकणाला मात्र खाचांच्या पकडीवर भिस्त ठेवावी लागते. पकड झिजली असेल तर दाबाला वाट मिळते.

वजनाची ही युक्ती कुकरइतकीच जुनी आहे. डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडं मऊ करणारं बंद भांडं मांडलं. भांडं फुटू नये म्हणून त्याने दांडीला वजन टांगून झाकणावर एक झडप बसवली. वाफेच्या इंजिनांवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह त्या झडपेचा वंशज. म्हणजे सुरक्षेची झडप आधी स्वयंपाकाच्या भांड्यावर आली आणि नंतर कारखान्यात गेली.

कोंबडीच्या आतलं पाणी

दाबाखाली तळण्यात फायदा काय, हे कळायला कोंबडीच्या तुकड्याकडे नीट बघावं लागतं. कच्च्या कोंबडीच्या वजनात जवळपास तीन चतुर्थांश पाणी असतं. उघड्या कढईत तेल १७० अंशांवर असलं तरी तुकड्यातलं पाणी १०० अंशांना उकळायला लागतं. तळताना येणारे बुडबुडे तेलाचे नसतात, ते तुकड्यातून निघालेल्या वाफेचे असतात. मोठा हाडाचा तुकडा मध्यापर्यंत शिजायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात बाहेरचा थर पाणी गमावून कोरडा पडतो.

भांडं बंद करून आत दाब ठेवला की पाण्याचा उत्कलनबिंदू चढतो. चौरस इंचाला १२ पौंड या दाबाला पाणी सुमारे ११८ अंशांना उकळतं. त्यामुळे तुकड्यातलं पाणी सहजासहजी वाफ होऊन पळत नाही, उष्णता आत लवकर पोहोचते, मांस रसाळ राहतं आणि वेळ वाचतो. वेळ हेच मूळ कारण होतं. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या कॉर्बिन गावी हार्लंड सँडर्स रस्त्याकडेच्या खाणावळीत कोंबडी तळत असत. लोखंडी तव्यात अर्धा तास लागे, गिऱ्हाईक खोळंबे. १९३९ साली त्यांनी तेव्हा नव्यानेच बाजारात येऊ लागलेला प्रेशर कुकर तळणासाठी वापरून पाहिला आणि वेळ दहा मिनिटांच्या आत आणला. १९५२ साली सॉल्ट लेक सिटीत पहिलं शाखा-दुकान निघालं. त्या दुकानांची साखळी १९९५ साली बंगळुरात भारतात आली.

पण मोठ्या धंद्याला साधा कुकर पुरेसा नव्हता. गरम तेल आणि कोंडलेली वाफ एका भांड्यात ठेवून दिवसभर काम करायचं तर भांडंच वेगळं हवं. १९५४ साली विस्कॉन्सिनच्या बेलॉइट गावी एल. ए. एम. फेलन यांनी ब्रोस्टर नावाचं यंत्र आणलं. तिथून दाबाखाली तळणारी खास यंत्रं तयार होऊ लागली. त्याच ब्रोस्टरवरून आखाती देशांत 'ब्रोस्ट' हा पदार्थ रुळला. जेद्दाहचं १९७४ सालचं अल बैक सौदीत नोकरीला गेलेल्या प्रत्येक कोकणी माणसाला ठाऊक आहे. रत्नागिरी-रायगडच्या घरांत सुट्टीवर आलेला मुलगा त्या ब्रोस्टच्या आठवणी काढतो आणि आई विचारते, ते घरी नाही का होणार? दुकानातल्या मुलाचा प्रश्न असाच कुठून तरी आलेला असणार.

ही यंत्रं चालतात कशी, यात एक बारकावा आहे आणि तो मोठा आहे. त्यांत दाब निर्माण करायला पाणी घालत नाहीत. तुकड्यांतून निघणारी वाफच दाब उभा करते. म्हणून भरपूर कोंबडी घातली तर दाब लवकर चढतो, चारच तुकडे घातले तर चढायला वेळ लागतो. घरी कुकर अर्धवट भरून तळणारा माणूस म्हणतो की दाब येत नाही. त्याला वाटतं वजन हलकं पडतंय. वास्तविक वाफच पुरेशी नसते. वजन वाढवल्याने वाफ वाढत नाही, फक्त सुटकेची वाट बंद होते.

अमेरिकेत १९७० च्या दशकात घरगुती प्रेशर फ्रायरही निघाले. 'वेअर-एव्हर चिकन बकेट' हा त्यांतला गाजलेला. घरात वापरायचं भांडं म्हणून त्याचा दाब दुकानातल्या यंत्रापेक्षा बराच कमी ठेवलेला होता. तेव्हापासून हौशी लोकांचा एकच प्रयत्न चालू आहे: हा दाब वाढवून दुकानातल्या आकड्याला कसा भिडवायचा. इथे थोडं थांबून हिशेब मांडला पाहिजे. चौरस इंचाला पाच पौंड दाबाला पाणी सुमारे १०८ अंशांना उकळतं, बारा पौंडांना ११८ ला. पाचाचे बारा केल्यावर हाती येतात दहा अंश. आणि त्याच बदलात २० सेंटिमीटरच्या झाकणावरचा जोर सुमारे ११० किलोंवरून २६५ किलोंवर जातो. पदार्थाला दहा अंश, झाकणाला दीडशे किलो. हा सौदा मला कधीच पटला नाही.

तेलाची गोष्ट वेगळी

कुकरमध्ये पाणी असतं तोवर एक गोष्ट आपोआप सांभाळली जाते. पाणी स्वतःचं तापमान ठरवून ठेवतं. दाब एक किलो असेल तर आतलं सगळं १२० अंशांच्या आसपास राहतं. गॅस मोठा केला तर वाफ जास्त निघते, शिट्ट्या भराभर होतात, पण तापमान चढत नाही. रिंगेचं रबर, व्हॉल्व्हमधला मिश्रधातू, दांड्याचं प्लास्टिक हे सगळं या १२० अंशांच्या हिशेबाने बनवलेलं असतं.

तेलाला असा लगाम नाही. गॅस चालू आहे तोवर ते तापतच जातं, १६०, १८०, २००. झाकण बंद असल्यामुळे आत किती झालंय हे दिसत नाही. रिंग या उष्णतेला मऊ पडते. तेलाचे बारीक थेंब वाफेबरोबर नळीत चढतात आणि पिठाचे कण घेऊन तिथे चिकटतात. सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये जो वितळणारा मिश्रधातू असतो, त्याचा वितळणबिंदू तळणाच्या तेलापेक्षा पुष्कळ खाली आहे. तो वितळला तर त्या भोकातून वाफेसोबत तेलाचा फवारा थेट वर येतो. खाली निळी ज्योत पेटलेली असते. कुकरच्या सूचना पुस्तिकेत झाकण लावून तळायला मनाई असते, ती या कारणाने.

सगळ्यात वाईट क्षण मात्र शेवटी येतो, दाब सोडताना. वरण शिजल्यावर घाईत चमच्याने शिट्टी उचलायची सवय पुष्कळांना आहे. वरणात त्याने फार तर ओटा खराब होतो. तेलात काय होईल ते आकड्यांनी सांगतो. एक किलो कोंबडीत सुमारे सातशे ग्रॅम पाणी धरू. त्यातलं चौथाईच पाणी ११८ अंशांना पोहोचलं आहे असं मानू. दाब एकदम काढला की ते पाणी १०० अंशांवर येईपर्यंत त्यातला तिसाव्याच्या आसपासचा हिस्सा जागच्या जागी वाफ होतो. जेमतेम सहा ग्रॅम. पण सहा ग्रॅम पाण्याची वाफ दहा लिटर जागा मागते, आणि ती तेलाच्या तळाशी तयार होते. पाच लिटरच्या भांड्यात दहा लिटर वाफ तेल ढवळत वर येते. झाकण उघडलेलं असेल तर तेल कडेवरून उतू जाऊन बर्नरवर सांडतं. म्हणून दुकानातल्या यंत्रांत दाब घड्याळाच्या हिशेबाने हळूहळू सुटतो, झाकण दाब शून्य होईस्तोवर अडकलेलं राहतं, तेलाचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो आणि भांड्याचा पत्राही त्या बेताचा असतो. घरचा कुकर त्या यंत्राची छोटी आवृत्ती नाही. तो पाण्यासाठी बनवलेला आहे.

बॉयलर खात्याची शिस्त

परळ, लालबाग, करी रोड, चिंचपोकळी या पट्ट्यात दाबाचं भांडं घरात येण्याच्या शंभर वर्षं आधी गिरणीत आलं. कावसजी दावर यांच्या पहिल्या गिरणीचं काम १८५४ साली सुरू झालं आणि तिथून चिमण्या उभ्या राहत गेल्या. प्रत्येक चिमणीच्या पायाशी बॉयलर. १९१५ पासून खोपोलीची वीज येऊ लागली, साचे हळूहळू मोटारीवर गेले, तरी कांजी, धुलाई, रंग यांना वाफ लागतच राहिली. गिरण्यांच्या शेवटापर्यंत बॉयलर खातं होतं.

लालबागच्या एका चाळीत मला निवृत्त बॉयलर अटेंडंट भेटले. सगळी चाळ त्यांना अण्णा म्हणते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते पाळीवर होते, हे त्यांनी आधी सांगितलं आणि मग बॉयलरकडे वळले. अटेंडंट होण्यासाठी परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्यावं लागे, नुसत्या अनुभवावर कोणी बॉयलरपुढे उभा राहू शकत नसे. पाळी सुरू झाली की पहिलं काम पाण्याच्या काचेचं. बॉयलरच्या तोंडावर उभी काचेची नळी असते, तिच्यात पाण्याची पातळी दिसते. काचेत पाणी दिसतं म्हणजे ते खरंच आहे, असं मानायचं नाही. खालचा कॉक उघडून काच झाडायची, पाणी पुन्हा चढतं का ते बघायचं. मार्ग तुंबला असेल तर काच खोटं बोलते. अण्णा हे सांगताना हात हवेत तसाच फिरवत होते, कॉक उघड, बंद कर, थांब, बघ.

"आणि सेफ्टी वॉल?" मी विचारलं.

"त्याला हात नाय लावायचा. इन्स्पेक्टर येऊन सेट करून जायचा. आपण फक्त वाजतोय ना ते बघायचं."

अण्णांचं हे वाक्य कायद्यातही आहे. १९२३ च्या इंडियन बॉयलर्स अ‍ॅक्टप्रमाणे बॉयलरवर नोंदणी क्रमांक ठोकलेला असे, ठरलेल्या दाबाचं प्रमाणपत्र मुदतीपुरतंच मिळे, आणि मुदत संपली की पुन्हा तपासणी. मुख्य निरीक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय बॉयलरच्या रचनेत फेरफार करता येत नसे. सेफ्टी व्हॉल्व्ह निकामी होईल अशी छेडछाड हा तुरुंगवासाचा गुन्हा होता. २०२५ साली नवा कायदा आला, काही लहान गुन्हे दंडावर निभावले, पण ही छेडछाड फौजदारीतच राहिली. आणि यातच एक गंमत दडली आहे: जुन्या कायद्याने बॉयलरची व्याख्या करताना पाच गॅलनांची, म्हणजे २२.७५ लिटरची मर्यादा घातली. पुढे ती २५ लिटर झाली. आपला पाच लिटरचा कुकर या मर्यादेच्या खाली राहतो. तेवढ्याने तो इन्स्पेक्टरच्या नजरेतून सुटतो, भौतिकशास्त्राच्या नियमातून नाही.

गिरण्यांतल्या लँकेशायर बॉयलरच्या भट्टीच्या छतात आणखी एक वस्तू असे. अण्णा तिला लेड प्लग म्हणाले. एका बुचाच्या मधोमध शिशासारखा लवकर वितळणारा मिश्रधातू भरलेला. वर पाणी आहे तोवर बूच थंड राहतं. पाणी उतरलं, भट्टीचं छत उघडं पडलं, की तो धातू वितळतो, भोक मोकळं होतं आणि वाफ भट्टीत घुसून आग विझवते. माणूस झोपला असला तरी बूच जागं असतं. कुकरच्या झाकणावर शिट्टीच्या बाजूला जो सेफ्टी व्हॉल्व्ह दिसतो, त्याच्या पोटात हेच तत्त्व आहे. पाणी संपलं, भांडं कोरडं तापलं किंवा नळी तुंबून दाब चढला, की आतला धातू वितळून वाफेला वाट करून देतो. लालबागच्या बॉयलरमधलं बूच आज प्रत्येक ओट्यावर आहे, तरी कितीतरी घरांत ते कशासाठी आहे हे कोणाला सांगता येत नाही. मला याची खंत वाटते. ज्या वस्तीने दोन-तीन पिढ्या बॉयलरसमोर काढल्या, तिच्या घरात तरी हे ज्ञान उतरायला हवं होतं.

तोच आकडा रुग्णालयात

परळमध्ये दाबाचं भांडं तिसऱ्या एका ठिकाणी रोज चालतं. १९२६ साली सुरू झालेलं केईएम आणि त्याच्या भोवतीची रुग्णालयं यांत शस्त्रक्रियेची हत्यारं, कापड, ड्रेसिंग ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक होतात. जवळच हाफकिन संस्था आहे. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा आली, १९२५ पासून ती हाफकिनच्या नावाने ओळखली जाते. जंतू वाढवायचं माध्यम आधी निर्जंतुक करावं लागतं, त्यामुळे असं भांडं प्रत्येक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेला लागतंच. पहिला ऑटोक्लेव्ह पाश्चरचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी १८७९ साली बनवला. त्याचा नेहमीचा आकडा आहे चौरस इंचाला १५ पौंड, १२१ अंश, पंधरा ते वीस मिनिटं.

हा आकडा आपल्या कुकरचाच आहे. लसीकरणासाठी काचेच्या सिरिंजा वापरल्या जात तेव्हा खेड्यापाड्यांत त्या कुकरसारख्याच भांड्यांत निर्जंतुक करत. १२१ अंशांच्या दमट उष्णतेत पंधरा मिनिटं राहिल्यावर फार चिवट जिवाणूंची बीजंही उरत नाहीत. म्हणजे घरातल्या कुकरची मूळची शिट्टी शस्त्रक्रियेच्या कात्रीला पुरेशी आहे. कोंबडी शिजायला मांसाच्या मध्याला ७४ अंश पुरतात. शिजण्यासाठी जास्त दाब लागतो, ही समजूतच चुकीची आहे.

बदललेले भाग

दुरुस्तीच्या दुकानात मी नंतर पुन्हा गेलो. कारागिराने या वेळी डबे उघडून दाखवले. एकाच मापाच्या वाटणाऱ्या दोन शिट्ट्या त्याने माझ्या दोन तळहातांवर ठेवल्या. एक मूळ कंपनीची, दुसरी बाजारातली नक्कल. नक्कल स्पष्ट हलकी लागली. अशी शिट्टी लावली की भात लवकर शिट्ट्या देतो आणि कच्चा राहतो, मग घरातले म्हणतात गॅसच्या ज्योतीत दम नाही. उलट जड नक्कल आली तर शिट्ट्या कमी होतात आणि कोणाला संशय येत नाही. सेफ्टी व्हॉल्व्हचं तसंच. आत योग्य मिश्रधातू आहे की नुसताच धातूचा ठोकळा, हे बाहेरून कळत नाही. ठोकळा असेल तर व्हॉल्व्ह फक्त शोभेचा.

त्याने सांगितलेल्या गोष्टी ऐकून मला वाटलं की परळच्या घरांत दाबात फेरफार रोज होतो, फक्त त्याला कोणी फेरफार म्हणत नाही. शिट्टी वाकडी बसते म्हणून वर चमचा ठेवणं. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाल्यावर नवा आणेपर्यंत भोकात खिळा ठोकणं. रिंग सैल झाली म्हणून तिच्याखाली दोरा गुंडाळणं. भाताची पेज नळीत वाळून बसली असताना तशीच शिट्टी लावणं. यातला प्रत्येक प्रकार वजन आणि भोक यांचं नातं बिघडवतो. तो मुलगा निदान विचारून तरी वजन वाढवायला निघाला होता.

घरगुती कुकरसाठी आयएस २३४७ हे भारतीय मानक आहे आणि २०२० च्या आदेशाने, १ फेब्रुवारी २०२१ पासून, आयएसआय चिन्हाशिवाय कुकर विकता येत नाही. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बिगरचिन्हाचे कुकर विकू देणाऱ्या मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर कारवाई केली. पण मानक पूर्ण कुकराची कसोटी घेतं, त्याच्या मूळ शिट्टी आणि व्हॉल्व्हसकट. तीन वर्षांनी फुटपाथवरचा व्हॉल्व्ह त्यात बसवला की ते चिन्ह बुडावर राहतं आणि त्याचा अर्थ निघून जातो. म्हणून भाग घेताना कुकरची कंपनी आणि मॉडेल सांगावं, पाकीटबंद मूळ भाग मागावा. शिट्टी लावण्याआधी नळी उजेडापुढे धरून पलीकडचं दिसतं का ते बघावं. अण्णा काच झाडत होते, तेच हे काम.

मग कोंबडी कशी करायची

त्या मुलाला हवं होतं ते चूक नव्हतं. आतून रसाळ, हाडापर्यंत शिजलेली, वरून कुरकुरीत. यातलं शेवटचं मात्र दाबाने मिळत नाही. बंद भांड्यात वाफ कोंडलेली असते, त्यामुळे कवच दमट राहतं. दाबाखाली तळलेल्या कोंबडीची साल मऊसर असते, कुरकुरीतपणात ती उघड्या कढईला मागे टाकत नाही. दाबाची खरी कमाई आहे आतला रस आणि वाचलेला वेळ. तेवढं वाफेवरच घेता येतं, त्यासाठी तेल कोंडावं लागत नाही.

परळ-लालबागच्या मालवणी घरांत मासा रव्यात घोळवून तळतात. ती हातोटी कोंबडीला लावली की काम झालं. मी एका वहिनींच्या ओट्यापाशी उभं राहून पाहिलं. हाडासकट मांडीचे आणि तंगडीचे तुकडे, मीठ, आलं-लसूण, दोन चमचे दही आणि लालबागच्या मसाला गल्लीतून कांडून आणलेला मालवणी मसाला लावून तासभर ठेवलेले. कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी, त्यावर जाळी, जाळीवर डब्यात तुकडे, झाकण आणि कंपनीची शिट्टी. एक शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करून चार-पाच मिनिटं. मग गॅस बंद. वाफ आपोआप उतरेपर्यंत झाकणाला हात नाही. डब्यात सुटलेला रस त्यांनी टाकला नाही, रश्श्यासाठी बाजूला ठेवला.

यानंतरची पायरी लोक गाळतात आणि तिथेच पदार्थ बिघडतो. तुकडे जाळीवर मोकळे ठेवून पूर्ण निवू द्यायचे, कोरड्या फडक्याने टिपायचे. वेळ असेल तर फ्रिजमध्ये उघडे ठेवायचे. साल हाताला कोरडी लागली पाहिजे. ओला तुकडा तेलात गेला की तेलाची सगळी उष्णता पृष्ठभागावरचं पाणी उडवण्यात जाते. कोरड्या तुकड्यावर तांदळाचं पीठ आणि बारीक रवा निम्मा-निम्मा, चिमूटभर मसाला, दाबून लावायचा. कढईत तेल निम्म्याहून कमी, तापमान १८० च्या आसपास, म्हणजे पिठाचा कण टाकला की लगेच वर येऊन तडतडतो. एका वेळी तीन-चारच तुकडे, नाहीतर तेल थंड पडतं. कोंबडी आधीच शिजलेली असल्यामुळे प्रत्येक घाण्याला तीन ते चार मिनिटं पुष्कळ झाली. तळून कागदावर न ठेवता पुन्हा जाळीवर ठेवायचे, कागदावर खालची बाजू घामेजते.

वहिनींनी तळण्याआधीच एक तुकडा सुरीने हाडापर्यंत उघडून पाहिला होता. रस स्वच्छ आला, हाडाजवळ गुलाबी नव्हतं. कढईतली चार मिनिटं फक्त कवचासाठी आहेत, शिजवण्याचं काम त्यांच्यावर टाकलं की रवा करपतो आणि आत कच्चं राहतं.